गुणाजीशेठचा धूर आणि अंजनाबाईची आगोट

साकीनाक्याहून मरोळकडे जाताना डाव्या हाताच्या एका गल्लीत आमची ओतशाळा होती. मालक तिला कारखाना म्हणायचे, म्हणून आम्हीही कारखानाच म्हणायचो. पत्र्याची एक शेड, जमिनीत पुरलेली कोळशाची भट्टी, भट्टीला वारा घालणारा पंखा, काळ्या वाळूचे साचे, आणि शेडपेक्षा दुप्पट उंच चिमणी. आम्ही पितळेचे नळ ओतायचो. मी साचे भरायचो, जयवंत भट्टी सांभाळायचा, आणि वितळलेल्या पितळेचा रस कधी ओतायचा ते मालक गुणाजीशेठ स्वतः सांगायचे. तो अधिकार त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिला नाही.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून सुक्या मासळीचा बाजार भरायचा. वेसावे, मढ, भाटीकडच्या कोळणी टोपल्या घेऊन बसायच्या. भिंतीच्या अलीकडचे आम्ही म्हणायचो, काय हा वास! भिंतीच्या पलीकडच्या त्या म्हणायच्या, काय हा धूर! दोन्ही बाजूंचं खरं होतं, त्यामुळे भांडण कधी मिटत नसे.

गुणाजीशेठ मूळचे कुडाळकडचे. आधी गिरणीत फिटर होते. गिरण्यांचा मोठा संप होण्याच्या आधीच बाहेर पडून त्यांनी ही भट्टी टाकली. संपानंतर गिरणगावातल्या चिमण्या थंड पडल्या, त्यांच्या भावकीतली निम्मी माणसं घरी बसली, आणि तेव्हापासून शेठच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: धूर आहे तिथे भाकरी आहे. सकाळी आले की आधी रस्त्यावर उभे राहून चिमणीकडे बघायचे. धूर जाड असला की खूश. काम कमी असलं आणि कुणी व्यापारी यायचा असला, तर जयवंतला हळूच सांगायचे, "तेलाचं एक फडकं टाक रे भट्टीत. पार्टीला दिसू दे, आपण चालू आहोत."

प्रदूषण तपासणारा सरकारचा एक तरुण साहेब एकदा येऊन गेला होता. भला माणूस. पितळेत तांबं असतं आणि जस्त असतं. रस फार तापला की त्यातलं जस्त जळतं आणि पांढरा धूर होऊन उडून जातं. लेथ यंत्रावर पितळ कापताना पडलेला तेलकट चुरा तसाच वितळवला की काळा धूर होतो. त्याने सांगितलं, चुरा आधी धुऊन घ्या, पितळ वितळवायच्या मुशीवर झाकण ठेवा, जस्त अगदी शेवटी घाला आणि रस उगाच तापवत बसू नका. यातलं आम्हाला नवीन काही नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक भट्टीवाल्याला ते माहीत होतं. पण चुरा धुवायला सोडा लागतो, दुसरं माणूस लागतं आणि सवय मोडावी लागते. शेठनी साहेबाला चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, बिनधुराची चिमणी मी परळात बघून आलोय. मला परत दाखवू नका."  चहा पिऊन तो गेला.

वैशाख लागला आणि बाजारात आगोटीची गर्दी सुरू झाली. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर येतात, ताजी मासळी बंद होते. म्हणून त्याआधी घरोघर चार महिन्यांचे बोंबील, जवळा, सोडे, बांगडे भरून ठेवतात. ही आगोट. कोळणीचं वर्ष आगोटीवर उभं असतं. जे विकलं नाही त्याला पावसाची दमट हवा लागते, आणि मग ते खताच्या भावानेही कुणी नेत नाही.

अंजनाबाई वेसाव्याची. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. दिराची होडी होती, तिच्यातली मासळी विकून ती घर चालवायची. तिची बसायची जागा नेमकी आमच्या भिंतीला टेकून. सासूपासूनची जागा होती, आणि त्या वेळी तिथे चिमणी नव्हती. आमच्या चिमणीतून निघालेला पांढरा धूर थंड झाला की त्याचे सावरीच्या कापसासारखे पुंजके व्हायचे आणि तिच्या बोंबलांवर येऊन बसायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बुरशी आली. बायका यायच्या, बोंबील उचलायच्या, नाक मुरडायच्या आणि पुढच्या टोपलीकडे जायच्या.

चार दिवस तिने सोसलं. मग पदर खोचून ती आमच्या शेडमध्ये शिरली.

"ए शेठ, तुजा धूर आवर."

शेठ साच्याजवळ उभे होते. "काय झाला गो?"

"माजी मासली बुरसटली असं लोक बोलतात. आगोट चाललीय माजी. पाऊस लागला मंग कोन घेनार?"

"तुझ्या बोंबलाचो वास माझ्या कारखान्यात येता तो? मी कधी बोललंय?"

"तू काय बोलशील! तूच येऊन दर शनवारी पिशवीभर बोंबील घेऊन जातंस. वास तुला गोडच लागतो."

जयवंत हसला. शेठनी त्याच्याकडे बघितलं तसा तो भट्टीत डोकावला.

"हे बघ अंजनाबाय," शेठ म्हणाले, "धूर असा म्हणान कारखानो चालता. चिमणी थंड पडली की माणसा थंड पडतत. तू सरकून बस ना थोडी."

"सरकू? बाजूला जयाची जागा, तिच्या बाजूला तिच्या सुनेची. सरकत सरकत काय घाटकोपरला जाऊ?"

"मग टोपलीवर कापड घाल."

"कापड घातलं तर गिऱ्हाईक काय माजं तोंड बघून घेईल?"

ती निघाली. दारात थांबून तिने छपराकडे बघितलं, मग शेठकडे, आणि जराशी हसली. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूस तापत होती आणि एक बाई दारात आली. हातात शेपटीला धरलेला बोंबील. मालन नावाची, चांगल्या घरची, मुलुंडहून आगोटीच्या खरेदीला आलेली.

"इथे गुणाजीशेठ कोण?"

"मी. का?"

"हे तुमचं आहे?" तिने बोंबील त्यांच्या नाकासमोर धरला.

"माझा? अहो, मी नळ बनवतो."

"बोंबील नाही, हे वरचं पांढरं. मी त्या कोळणीला म्हटलं, बुरशी आहे. ती म्हणते, बुरशी नाही, शेठची पितळ आहे, आत जाऊन विचारा."

शेठ अडचणीत आले. नाही म्हणावं तर मासळीला बुरशी ठरते, आणि मासळीच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नसे. बायकोशी खोटं बोलतील, विक्रीकरवाल्याशी बोलतील, पण बोंबलाशी नाही. त्यांनी तो हातात घेतला, फुंकर मारली, पुंजका उडाला. मग मधोमध वाकवला. टचकन मोडला. नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"बाई, हा फाल्गुनातला. वाऱ्यावर वाळलाय, वाळूवर नाही. आत बघा, पिवळा पडलेला नाही. मीठ बेताचं. असा बोंबील तुम्हाला या बाजारात दुसरा मिळणार नाही. घरी नेऊन धुवा म्हणजे झालं. बुरशी असती तर आत आंबूस वास आला असता."

"नक्की ना?"

"मी स्वतः हिच्याकडचाच खातो."

बाई खूश होऊन गेली. शेठही खूश होते. आपल्याला मासळीतलं किती कळतं ते कुणीतरी विचारलं, याचं त्यांना बरं वाटलं होतं. तेवढ्यात जयवंत ओरडला, "शेठ! रस!"

रस केव्हाच तयार झाला होता, पण ओता म्हणणारे बोंबलात होते. तोपर्यंत तो नको तेवढा तापला, मुशीतून पांढरा लोट उठला आणि चिमणीतून बाहेर पडला. पलीकडून अंजनाबाईचा आवाज आला, "आली गं आली, शेठची पितल आली! बायांनो, आत जाऊन इचारून घ्या!"

मग जो खेळ चालू झाला तो विचारू नका. एक बाई आत आली की शेठ बोंबील मोडायला लागत. ते बोंबील मोडत तोवर रस जास्त तापे. रस तापला की जस्त जळून पुंजके उडत, पुंजके उडाले की आणखी बायका आत येत. दुपारपर्यंत आमच्या दारात रांग लागली. कुणी सोडे घेऊन, कुणी वाकट्या घेऊन. एक म्हातारी तर जयाच्या टोपलीतला बांगडा घेऊन आली. त्यावर पांढरं काही नव्हतंच, पण सगळे विचारतायत तर आपणही विचारावं म्हणून आली होती.

"हा नको," शेठ तिला म्हणाले. "शेपटीशी लाल झालाय."

भिंतीपलीकडून जया ओरडली, "ए शेठ, माजं गिऱ्हाईक का तोडतंस रं?"

"मगे बरो माल ठेव ना गो!"

मी साचे भरून बसलो होतो, पण त्यात ओतायला वेळेवर रस येईना. जयवंत मला म्हणाला, "बाळा, आपण नळ बनवतो की बोंबील विकतो?"

"पगार कशाचा मिळतो ते शनिवारी कळेल," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी लोहार चाळीतले व्यापारी श्यामसुंदर आले. आमचा निम्मा माल तेच उचलायचे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, लसूणसुद्धा न खाणारा माणूस. ते दारातून आत आले तेव्हा शेठच्या एका हातात जवळ्याची मूठ होती आणि समोर चार बायका कान देऊन ऐकत होत्या. श्यामसुंदरांनी आधी रुमाल काढला, नाकाला लावला, आणि मग पिशवीतून नळ काढून टेबलावर ओळीने मांडले.

"गुणाजीभाई, हे नळ रडतात."

"म्हणजे?"

"पाणी सोडलं की तोटी सोडून अंगातून पाझरतात. बारीक बारीक छिद्रं आहेत. तुम्ही रस जाळता. जस्त सगळं आभाळात, आणि मला देता चाळणी."

शेठनी जवळा खाली ठेवला. "अहो, पण काम जोरात आहे. तुम्ही धूर बघितलात ना येताना?"

"धूर?" श्यामसुंदरांनी रुमालाआडून विचारलं. "धूर बघायला कोण येतं शेठ? मी नळ बघायला येतो. तुमच्या धुरात ते मला दिसत नाहीत."

नळ टेबलावरच सोडून ते गेले. शेठनी एक नळ उचलून उजेडात धरला. त्या बायकाही निघून गेल्या. मला वाटतं, गिरणी सोडल्यापासून पहिल्यांदाच चिमणीबद्दलचा त्यांचा हिशेब चुकला होता.

"जयवंत," शेवटी ते म्हणाले, "तो सरकारी पोरगा काय काय म्हणाला होता रे?"

"तुम्ही ऐकूनच कुठे घेतलंत?"

"मग तुला काय माहीत आहे ते कर."

आम्ही कामाला लागलो. जुनी फुटकी मूस कापून तिच्या बुडाचं झाकण केलं. एका पिंपात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून लेथचा चुरा त्यात घोळला. वर आलेलं तेल डब्यात काढून घेतलं. जस्ताचे तुकडे बाजूला काढले, ते शेवटी सांडशीने रसाच्या तळाशी बुडवायचे असं ठरलं. रस झाला की पंखा लगेच बंद. शेठनी जागा सोडायची नाही, कुणीही बोंबील घेऊन येवो.

सगळं झकास ठरलं होतं. पण धुतलेला चुरा वरून कोरडा दिसत होता आणि आतून ओला होता. जयवंतने पहिला डाव रसात सोडला आणि धडाम! पाण्याची वाफ झाली, रस उसळला, छपराला टिकल्या चिकटल्या. जयवंत एका उडीत रस्त्यावर, मी वाळूच्या ढिगात, आणि शेठ टेबलाखाली. कुणाला लागलं नाही. शेठच्या नव्या पँटीला गुडघ्यावर भोक पडलं तेवढंच.

"वाट लागली," वाळू थुंकत मी म्हटलं.

"चुरा वाळवायला पाहिजे," जयवंत रस्त्यावरूनच म्हणाला. "खडखडीत. ऊन पाहिजे."

ऊन कुठून आणायचं? आमच्या शेडवर बाजूच्या गाळ्यांची सावली दिवसभर. गल्लीत लॉऱ्या. ऊन होतं ते भिंतीपलीकडे, बाजाराच्या फरसबंदीवर, जिथे कोळणी मासळीला ऊन दाखवायच्या. वाळवणाचं काम आमच्यात कुणाला येत नव्हतं, आणि त्यांचा तर जन्म त्यात गेलेला.

शेठ स्वतः गेले. मी मागून चुऱ्याचं घमेलं घेऊन गेलो. अंजनाबाई टोपलीवरचे पुंजके मोरपिसाच्या कुंच्याने झाडत होती.

"अंजनाबाय, जरा जागा देशील?"

"कशाला? आता इथं बसून बोंबील मोडनार?"

"चुरा वाळवूचो आसा."

तिने घमेल्यात हात घातला, चुरा बोटांमध्ये चोळला, वास घेतला. "येचं त्याल गेलं. आधी लय घान मारायचा. पन आत वला हाय. असा ढीग करून वालत नाय, शेठ. पातल पसरायचा, दर घटकेला हलवायचा. जवल्यासारखा."

"मग देतंस जागा?"

"देतंय. पन माजी एक बोली." ती उभी राहिली. "तुज्या चिमनीतनं एक फुसका जरी निगाला, तर एक गिऱ्हाईक आत. दोन फुसके, दोन गिऱ्हाइकं. मी मोजत बसनार."

"अगो, पहिल्या दिवशी थोडा इकडे तिकडे..."

"फुसक्याला फुसका."

शेठ कबूल झाले. दुसरं काय करणार? जवळ्याच्या शेजारी पितळेचा चुरा वाळत पडला. उन्हात सोन्यासारखा चमकायचा. एका बाईने तर त्याचा भाव विचारला. आपला चुरा सांभाळायला शेठनी मला तिथे बसवलं, आणि अंजनाबाई जवळा हलवताना एक हात आमच्या चुऱ्यातूनही फिरवायची. खरं सांगतो, नंतर कित्येक दिवस आमच्या भट्टीजवळ गेलं की भूक लागायची.

कोरडा चुरा, वर झाकण, जस्त शेवटी आणि पंखा वेळेवर बंद. धूर अगदी नाहीसा झाला असं नाही, पण पूर्वी जिथे चादर निघायची तिथे आता दोरा निघायला लागला. तिसऱ्या ओतणीला तर दोराही दिसेना. नळ फोडून बघितले, आतून घट्ट. जयवंतचा संध्याकाळचा ताप गेला. धुराने त्याला दर आठवड्याला एखाद्या संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि तो गुळाचा खडा चघळत पडायचा. आम्ही सगळे त्याला भट्टीची सवय समजत होतो.

पण शेठना चैन पडेना. दहा वेळा रस्त्यावर जाऊन वर बघायचे. त्यात चहावाला चहा घेऊन आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तुमचंही बंद पडलं." पुढच्या गाळ्यातला शिवदास तर गंभीर चेहरा करून आला, शेठच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धीर धरा गुणाजी, दिवस असेच राहत नाहीत." शेठनी त्याला शिव्या घातल्या, तेव्हा कुठे त्याला पटलं की कारखाना चालू आहे.

त्या दुपारी जयवंत जेवायला बसला असताना शेठनी इकडे तिकडे बघितलं आणि तेलाचं एक फडकं भट्टीत टाकलं. छोटंसंच. मी बघितलं आणि साचे भरत राहिलो. चिमणीतून एक काळी गाठ बाहेर पडली. तिचा अजून आकार मोडला नव्हता तोच दारात बाई उभी. तिच्या हातात वाकटी.

"शेठ कोण? बाहेरच्या मावशी म्हणतात, तुम्हाला दाखवा."

"चूक झाली म्हणून सांगा तिला!" शेठ ओरडले.

भिंतीपलीकडून आवाज आला, "आदी वाकटी बघ! मंग चूक!"

त्यांनी वाकटी बघितली. त्यानंतर फडकं पडलं नाही.

अंजनाबाईची टोपली आता स्वच्छ दिसायला लागली होती. आणि एक गंमत झाली होती. शेठनी ज्या ज्या बाईला बोंबील मोडून दाखवला होता, तिने घरी जाऊन शेजारणींना सांगितलं होतं. मुलुंडच्या मालनबाई आपल्या चाळीतल्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या. बोरिवलीहून कुणी आल्या. सगळ्या विचारत येत, "कारखानेवाले शेठ खातात ती मासळी कुठली?" जया आणि तिची सून माश्या वारत बसल्या होत्या, आणि अंजनाबाईला मान वर करायला फुरसत नव्हती.

आभाळ भरून यायला लागलं त्या शनिवारी शेठ घरून दोन मोठ्या पिशव्या घेऊन आले. त्यांच्या बायकोने, सुलक्षणावहिनींनी, यादी सांगितली होती: बोंबील, सोडे, जवळा आणि खारे बांगडे. दुपारी काम आटपून ते बाजारात गेले. मी बरोबर होतोच, पिशव्या धरायला.

अंजनाबाई उपड्या टोपल्यांवर बसून पान लावत होती.

"घाल गो, आगोट घाल माझी."

"कसली आगोट? संपली."

"संपली? सगळी?"

"बोंबलाचा कना बी नाय राहिला. घरी जे होतं ते बी काल आनून इकलं." तिने पानाला चुना लावला. "मास काढलेल्या कुरलीसारकी पुरी रिकामी झाले रं शेठ. असा वैशाख मी सासूच्या येलेला पन बगितला नाय."

"आणि माझा काय? दर वर्साचो गिऱ्हाईक मी!"

"तूच इकलीस ना ती समदी? येकेकीला आत घेऊन बोंबील मोडून दाकवलास. मी बोलत होती, ह्यो मानूस स्वतःसाठी काय ठेवतो का नाय."

 शेठनी पिशव्या माझ्या हातातून घेतल्या, पुन्हा माझ्याकडे दिल्या. बाजूला जया बसली होती, टोपल्या भरलेल्या. शेठनी तिच्याकडे बघितलं. जयाने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला तो बांगडा आठवला असावा.

"शेपटीशी लाल हाय," ती म्हणाली. "तुला नाय चालनार."

शेवटी अंजनाबाईनेच मध्ये पडून समेट केला. जयाने भाव सांगताना शेठच्या भोकाच्या पँटीकडे बघून दोन टोमणे मारले, पण चांगला माल काढून दिला. शेठ सवयीने एक बोंबील उचलून मोडायला लागले, तेवढ्यात दोन बायका मागे येऊन उभ्या राहिल्या आणि कान देऊन ऐकायला लागल्या. शेठनी तो न मोडताच पिशवीत टाकला.

पिशव्या भरून होत होत्या तेवढ्यात गल्लीच्या पलीकडच्या टोकाकडून दाट काळा धूर तरंगत आला. जुने टायर जाळणारा एक गाळा तिकडे नवीनच सुरू झाला होता. अंजनाबाईने पान तोंडात टाकलं आणि हाताने धूर बाजूला सारला.

"ह्यो कुनाचा रं?"

"आहे एक अनंत म्हणून. तो कुणाचं ऐकत नाही," शेठ म्हणाले. धुराचा त्यांना आता मनापासून राग येत होता.

"मासली खातो का?"

"छे गो. माळकरी आहे."

"मंग वाट लागली." ती थोडा वेळ चघळत राहिली. धूर आमच्या डोक्यांवरून जाऊन रिकाम्या टोपल्यांवर उतरत होता. मग तिने शेठला बसायला एक टोपली सरकवली. "बस इथं. त्याला दूध आवडतं का दही, ते सांग मना आदी."